सायकलवर वापरायला वायरलेस हेडसेट आणि फोन : कोणता घ्यावा? (कासारवडवली ते ऐरोली, रोजची ये-जा)

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी,

मी कासारवडवलीला राहते, ऑफिस ऐरोलीला. पाऊस ओसरला की पुन्हा सायकलने ऑफिसला जायचं ठरवलं आहे. घोडबंदर रोडने माजिवडा, मग साकेत, कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली. एका बाजूने साधारण १७-१८ किलोमीटर. सकाळी लवकर निघते, त्यामुळे जाताना रस्ता बरा मिळतो. येताना मात्र संध्याकाळचं घोडबंदर असतं, म्हणजे मेट्रोचे पत्रे, खड्डे आणि ट्रकांची रांग.

अडचण अशी आहे. मुलगी पाळणाघरात असते आणि सासूबाई दिवसभर घरी एकट्या असतात, त्यांना मधुमेह आहे. या दोन ठिकाणांहून फोन आला तर मला तो वाटेतच कळायला हवा. बाकीचे फोन पोचल्यावर बघता येतात. गाणी ऐकायला आवडतात, पण त्यासाठी जीव धोक्यात घालायचा नाही.

सध्याचा फोन मी हँडलवर क्लॅम्पमध्ये लावते. हल्ली त्याचा कॅमेरा उघडला की चित्र आपोआप थरथरतं, आणि आतून बारीक खडखड ऐकू येते. बॅटरीही दुपारीच मान टाकते. त्यामुळे फोनही बदलायचा आहे.

हेडसेटला ५-६ हजार, फोनला २५ हजारांपर्यंत बजेट आहे. रोज सायकल चालवणाऱ्यांनी काय वापरलं आणि ते किती टिकलं, हे ऐकायला आवडेल.

डबलडेकर

नेकबँड घ्या ताई. गळ्यात राहतो, कानातून निसटला तरी रस्त्यावर पडत नाही, लोहचुंबकाने दोन टोकं चिकटवली की बहुतेकांमध्ये आवाज बंद. दहा मिनिटं चार्ज केला तर दिवसभर पुरतो. दीड-दोन हजारांत काम होतं, उरलेले पैसे फोनमध्ये घाला. मी नेरुळहून वाशीला पाम बीचने जातो, एकच बड कानात ठेवतो. काही त्रास नाही.

जुना गडी

ताई, राग मानू नका, पण मी तुम्हाला काहीच घेऊ नका असं सांगेन.

मी या रस्त्यावर सायकल चालवत आलो ते घोडबंदरला दोन्ही बाजूंना शेती होती तेव्हापासून. मागून येणारा ट्रक मला दिसण्याच्या आधी ऐकू येतो. ड्रायव्हरने गिअर उतरवला की इंजिनाचा सूर बदलतो, म्हणजे तो माझ्या मागे वेग कमी करतोय. तो सूर तसाच चढत राहिला तर मी सरळ डाव्या कडेला घेतो. हवेच्या ब्रेकचा फुस्स आवाज आला की समजायचं, मागच्याने ब्रेक वापरलाय. रिक्षा वेगळी, टीएमटीची बस वेगळी, मोटारसायकल वेगळी. हे सगळं कानांवर चालतं. त्यात कुणी कानात बूच घालायला सांगत असेल तर ते मला पटत नाही.

घरच्यांना सांगून ठेवा की मी तासाभरात फोन करते. पूर्वी असंच चालायचं.

पहाटवारा

जुने गडी, तुमचं ट्रकबद्दलचं एकूण एक वाक्य बरोबर आहे. मीसुद्धा पहाटे उपवनहून येऊर चढतो आणि मग घोडबंदरला उतरतो. कान हा सायकलवाल्याचा मागचा आरसा आहे, तो झाकायचा नाही. पण ताईंना लागणाऱ्या फोनची निकड खरी आहे, आणि कान न झाकता आवाज देणारे हेडसेट आता मिळतात. त्यामुळे ताई, नेकबँड की इअरबड हा वाद बाजूला ठेवा. कानाचं भोक बंद होतं की उघडं राहतं, एवढं आधी बघा. बाकी सगळं त्यानंतर.

उघड्या कानाचे दोन प्रकार आहेत. पहिला बोन कंडक्शन. याच्या दोन गोट्या कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकतात. आवाज हाडातून थेट आतल्या कानापर्यंत जातो आणि कानाचं भोक पूर्ण मोकळं राहतं. शॉक्झ ही यातली सगळ्यात माहितीची कंपनी, २०२१ अखेरपर्यंत तिचं नाव आफ्टरशॉक्झ होतं. ओपनमूव्ह हे त्यांचं स्वस्तातलं मॉडेल, बॅटरी ६ तास. ओपनरन त्याच्या वरचं, ८ तास. ओपनरन प्रो आणखी वरचं. दुसरा प्रकार म्हणजे कानाच्या पाळीवर अडकणारे, ज्यांचा छोटा स्पीकर भोकाच्या बाहेर हवेत आवाज सोडतो. शॉक्झचाच ओपनफिट या प्रकारातला. गाणी यात जास्त गोड लागतात, पण वारा लागला की आवाज उडून जातो, आणि खड्ड्यात एक बाजू निसटली तर ती मागच्या टायरखाली. सायकलसाठी मी पहिलाच प्रकार घेईन, कारण त्याची पट्टी डोक्यामागून जाते आणि दोन्ही बाजू एकमेकींना धरून असतात.

आता त्याचे दोष, कारण दुकानदार ते सांगत नाही. बास, म्हणजे खालचा घुमणारा सूर, जवळजवळ नसतो. आवाज फार वाढवला तर गालाला गुदगुल्या होतात. आणि माजिवड्याच्या पुलाखाली बाजूला कंटेनर उभा असेल तर पॉडकास्टमधलं अक्षरही कळत नाही. माझ्या मते हा दोष नाहीच, तो हवाच. बाहेर एवढा गोंगाट असताना पॉडकास्ट ऐकू यायलाच नको.

घालण्याचा क्रम महत्त्वाचा आहे, तो कुठल्या पुस्तिकेत मिळत नाही. आधी हेडसेट, मग हेल्मेट, मग चष्मा. हेल्मेटचे दोन पट्टे कानाखाली जिथे जुळतात ते बकल जरा खाली सरकवा, नाहीतर पट्टा गोटीला गालावरून ढकलतो आणि आवाज अर्धा होतो. हेल्मेटच्या मागची घट्ट करायची चकती काही हेल्मेटांत इतकी खाली येते की हेडसेटची पट्टी तिच्यावर आपटते. म्हणून विकत घेताना हेल्मेट सोबत न्या आणि मान वर करून मागे बघा. पट्टी टोचली तर लहान मापाची पट्टी असलेलं मॉडेल मागा.

कानसेन

मी ऑडिऑलॉजीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या क्षेत्रात काम करते, म्हणून दोन गोष्टी जोडते.

डबलडेकर यांनी एकाच कानात बड ठेवतो असं लिहिलं आहे. बरेच जण करतात आणि त्यांना ते सुरक्षित वाटतं. आवाज कुठल्या दिशेने येतोय हे मेंदू दोन कानांची तुलना करून ठरवतो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा, आणि हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. शिवाय मधे डोकं असल्यामुळे लांबच्या कानाला आवाज थोडा मंद मिळतो. एक कान बंद केला की हॉर्न ऐकू येतो, पण तो कुठून आला हे नीट कळत नाही. आधीच विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली हॉर्न भिंतींवर आपटून घुमतो. तिथे दोन्ही कान उघडे असून गोंधळ होतो, मग एका कानाने काय होणार?

एकच घालायचाच असेल तर डाव्या कानात घाला. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, गाड्या उजवीकडून जातात. उजवा कान मोकळा हवा. पण हा दुय्यम उपाय आहे.

दुसरी गोष्ट. बोन कंडक्शन म्हणजे कानाला इजा नाही, असा प्रचार दिसतो. तो खरा नाही. हाडातून गेलेला आवाजही शेवटी त्याच कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात पोचतो आणि तिथल्याच नाजूक केसपेशींवर आदळतो. कानाचा पडदा टळतो, कॉक्लिया टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ट्रॅफिकच्या वर आवाज नेण्यासाठी बटण दाबत गेलात तर हा हिशोब लवकर संपतो. घरी शांततेत बोलण्याइतका आवाज लावा आणि रस्त्यावर तो वाढवू नका.

डबलडेकर

एका कानाचं हे माहीत नव्हतं, धन्यवाद. मी उजव्यात घालत होतो. पण ट्रान्सपरन्सी मोडचं काय? त्यात बाहेरचा आवाज आत येतो ना?

सर्किटवाला

येतो, पण माइकमधून. बडच्या बाहेर बसवलेला माइक आवाज पकडतो आणि स्पीकरमधून कानात सोडतो. सायकल २० च्या वर गेली की त्या माइकवर वारा आदळतो आणि कानात भसभस सुरू होते. काही महाग बड ते दाबायचा प्रयत्न करतात, पण त्यात बाहेरचे खरे आवाजही दबतात. लोकलमध्ये छान, सायकलवर नको.

याच कारणाने फोनवर बोलण्याबद्दल एक स्पष्ट सांगतो. चालत्या सायकलवरून समोरच्याला तुमचं नीट ऐकू जाईल असा हेडसेट शोधण्यात वेळ घालवू नका. खोक्यावर आवाज स्वच्छ करण्याच्या कितीही गोष्टी लिहिलेल्या असोत, त्या बहुतेक ऑफिसातल्या पंख्यासाठी आणि रस्त्यावरच्या गलक्यासाठी असतात. वारा वेगळा आहे. तो थेट माइकच्या जाळीवर दाब देतो. शिवाय कॉल सुरू झाला की ब्लूटूथ गाण्यांच्या मोडमधून बोलण्याच्या मोडमध्ये जातं आणि आवाजाचा दर्जा मुळातच खाली येतो. फोन आला हे सायकलवर कळलं पाहिजे, बोलायचं ते थांबून.

पाण्याबद्दल. धूळ-पाण्यापासून किती संरक्षण आहे ते खोक्यावर आयपी या खुणेने लिहितात. आयपीच्या पुढे दोन आकडे असतात, पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपीएक्स४ म्हणजे सगळ्या बाजूंनी शिंतोडे चालतील. ५ म्हणजे पाण्याची धार चालेल. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पहिल्या जागी एक्स असेल तर धुळीची चाचणी जाहीर केलेली नाही असं समजा, आणि मेट्रोच्या कामाशेजारून जाणाऱ्याला धूळसुद्धा महत्त्वाची आहे. ओपनरन आयपी६७ आहे, ओपनमूव्ह आयपी५५. दोन्ही तुमच्या कामाला पुरतात.

पण या चाचण्या गोड्या पाण्यात होतात आणि घाम खारट असतो. हेडसेट मरतो तो बहुधा पावसाने नाही, घाम सुकून चार्जिंगच्या पिनांवर बसलेल्या मिठाने. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने, आणि अर्धा तास जाऊ द्या. ओला असताना चार्जरला लावू नका. माझा एक नेकबँड असाच हिरवा पडून गेला. सर्व्हिस सेंटरने पाणी गेलंय म्हणून वॉरंटी नाकारली, आणि खोक्यावर घामाला चालेल असं ठळक छापलेलं होतं. म्हणून बिल आणि खोकं दोन्ही जपून ठेवा.

खाडीपलीकडची

खूप मदत होते आहे. बोन कंडक्शनकडे मन वळलं आहे. जुने गडी काका, राग कसला? गिअरच्या सुराबद्दल तुम्ही लिहिलेलं मी आज मुद्दाम ऐकलं आणि ते तसंच आहे.

सर्किटवाला, बोलायला थांबेनच. पण फोन पाळणाघराचा आहे की कुठल्या कर्जवाल्यांचा, हे खिशातून न काढता कसं कळणार? दर वेळी थांबले तर ऑफिस गाठणं कठीण. आणि तो कॅमेऱ्याचा खडखडाट कशाचा असावा?

दुरुस्तीवाला

कॅमेऱ्याचं मी सांगतो. ठाण्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, ही तक्रार घेऊन डिलिव्हरीवाली मुलं सारखी येतात.

बऱ्याच फोनांच्या मुख्य कॅमेऱ्यात ओआयएस असतं. म्हणजे लेन्स किंवा सेन्सर बारीक स्प्रिंगांवर आणि लोहचुंबकांवर तरंगत असतो आणि हात हलला की उलट दिशेला सरकून फोटो स्थिर ठेवतो. हँडलच्या क्लॅम्पमध्ये फोन घट्ट बसवला की रस्त्याचा प्रत्येक हादरा सरळ त्या स्प्रिंगांना जातो. त्या सैल झाल्या की चित्र लाटेसारखं हलतं आणि फोन हलवला की आतून खडखड येते. अ‍ॅपलने २०२१ साली स्वतःच जाहीर केलं होतं की मोटारसायकलच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याचं हे यंत्र बिघडू शकतं. सायकलला इंजिन नाही हे खरं, पण बारीक, कडक हवेच्या टायरवर पेव्हर ब्लॉकचा रस्ता काही कमी हादरे देत नाही. ताई, तुमचा कॅमेरा मॉड्यूल बदलावा लागेल. तो बदलता येतो, सगळा फोन टाकू नका. घरात दुसरा फोन म्हणून चालेल.

नवा फोन हँडलवर लावू नका. लावायचाच तर हादरे शोषणारा रबरी तुकडा क्लॅम्पखाली मिळतो, तो घ्या. नाहीतर ज्यात ओआयएस नाही असा जुना फोन नकाशासाठी हँडलवर ठेवा.

खिशात ठेवणार असाल तर जर्सीच्या मागच्या खिशात उघडा ठेवू नका. पाठीचा घाम थेट चार्जिंगच्या भोकात उतरतो. झिपची छोटी प्लास्टिक पिशवी पुरते. फोन आयपी६८ असला तरी हे करा, कारण फोन आतून वाचतो पण चार्जिंगच्या पिना उघड्याच असतात. आणि मधल्या खिशात नको, बाजूच्या खिशात ठेवा. पाठीवर पडलात तर मणक्याखाली काचेची वीट यायला नको.

सर्किटवाला

खिशाचा विषय निघालाच आहे तर, ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि माणसाचं शरीर, म्हणजे बरंचसं पाणी, त्या लहरी शोषून घेतं. फोन मागच्या डाव्या खिशात आणि हेडसेटचा अँटेना उजव्या बाजूला असेल तर मधे अख्खा देह येतो. मोकळ्या रस्त्यावर आवाज तुटतो आणि इमारतींच्या मधे तुटत नाही, कारण तिथे लहरी भिंतींवरून परतून येतात. पाम बीचवर अनेकांना हा अनुभव येतो आणि ते हेडसेट खराब म्हणून परत करतात. आधी फोन दुसऱ्या खिशात टाकून बघा.

फ्लेमिंगो

ताई, कुणाचा फोन आहे ते कळण्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागणार नाही. मी सीवूड्सहून रोज सायकलने जाते आणि माझी आईसुद्धा घरी एकटी असते, म्हणून हे सगळं लावून ठेवलं आहे.

अँड्रॉइडमध्ये पाळणाघर, सासूबाई, शेजारच्या काकू आणि नवरा एवढ्यांना संपर्कयादीत तारा द्या. पाळणाघराचा लँडलाइन असेल तर तोही साठवून तारा द्या, कारण घाईच्या वेळी बाई कुठल्या फोनवरून करतील सांगता येत नाही. मग डू नॉट डिस्टर्बमध्ये कॉल फक्त तारा दिलेल्यांचे येऊ द्या असं निवडा. तिथेच एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो येऊ द्यायचा पर्याय असतो, तो चालू ठेवा. डॉक्टरांनी किंवा अनोळखी माणसाने निकडीने लावला तर तो दुसऱ्या वेळी पोचेल.

पुढे, गूगलच्या फोन अ‍ॅपमध्ये फोन करणाऱ्याचं नाव बोलून दाखवायची सोय आहे. ती फक्त हेडसेट लावलेला असताना अशी ठेवा. कानाशी नाव येतं. ते पाळणाघराचं असेल तर मी पुढची मोकळी जागा बघून सायकल पदपथाला लावते, मग फोन घेते. दरम्यान वाजणं थांबलं तर मी उलट लावते. त्या अर्ध्या मिनिटाने आजवर काही बिघडलेलं नाही.

गूगल मॅप्सचा आवाज मराठीतही लावता येतो. नवा रस्ता असेल तर पडद्याकडे न बघता चालवता येतं. टू-व्हीलर मोडमध्ये ते पुलावर चढवतं, तेवढं लक्षात ठेवा. सायकलसाठी पुलाखालचा रस्ताच बरा.

चार-पाच जणींनी मिळून चालवत असाल तर हेडसेट काढून गळ्यात ठेवा. पुढची ‘खड्डा’ म्हणून ओरडते ते मागच्या सगळ्यांना ऐकू यायला हवं.

डबलडेकर

डू नॉट डिस्टर्बचं आत्ताच लावलं. कायद्याचं कुणाला माहीत आहे का? हेडफोन घातला म्हणून सायकलवाल्याला दंड होतो का?

पहाटवारा

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात फोन धरून वापरण्याला धोकादायक चालवण्यात धरलं आहे. तो कायदा मोटार वाहनांचा, साधी सायकल त्या व्याख्येत बसत नाही. पण दंड होत नाही म्हणून एका हाताने फोन धरून चालवणं योग्य ठरत नाही. फ्रान्समध्ये जुलै २०१५ पासून सायकलवाल्यांनाही कानात इअरफोन घालायला बंदी आहे, १३५ युरो दंड. तिथे सायकलला वेगळी मार्गिका असते तरीही. आपल्याकडे कडेची पांढरी पट्टीसुद्धा अर्धी पुसलेली, मग आपणच जास्त कडक राहायला हवं.

सर्किटवाला

फोन कोणता, हे राहिलंच.

सायकलसाठी कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि गेमिंगचा प्रोसेसर बाजूला ठेवा. मी या गोष्टी बघेन : पाण्यापासून संरक्षण, बॅटरी ५००० एमएएच, उन्हात दिसणारा पडदा, आणि दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारं जीपीएस. शेवटचं दुकानदाराला सांगता येत नाही, पण तपशीलपत्रकात एल१ आणि एल५ असं लिहिलेलं असतं. एकाच फ्रिक्वेन्सीचा फोन उंच इमारतींच्या मधे फसतो, कारण उपग्रहाचा संदेश काचेच्या भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि फोनला वाटतं आपण शेजारच्या गल्लीत आहोत. घोडबंदरच्या टॉवरांमधे तुमच्या प्रवासाची रेघ वाकडीतिकडी का येते त्याचं हे एक कारण. एल५ असेल तर आपटून आलेला संदेश ओळखणं सोपं जातं. काही फोनांत नाविक ही आपली भारतीय उपग्रह यंत्रणासुद्धा असते.

तुमच्या बजेटच्या आसपास आयपी६८ असलेला मोटोरोला एज ५० फ्यूजन आहे, २०२४ साली २२,९९९ पासून आला होता. बॅटरी ५०००. पडद्याच्या कडा वळलेल्या आहेत, त्यामुळे क्लॅम्पमध्ये धरला तर कडेला स्पर्श लागत राहतो. तुम्ही खिशात ठेवणार असाल तर प्रश्न नाही. सॅमसंगचा ए३५ आयपी६७ आहे, सपाट पडदा, बॅटरी ५०००. तो सेलमध्ये बजेटात बसतो का ते बघा. या दोघांच्या पुढच्या पिढ्याही आल्या आहेत, पण जुना साठा स्वस्तात मिळाला तर सायकलसाठी काही अडत नाही.

कुठलाही घ्या, पहिल्याच दिवशी एक सेटिंग बदला. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेली अ‍ॅप मारून टाकतात. स्ट्राव्हा हे प्रवासाची नोंद ठेवणारं अ‍ॅप सुरू करून फोन खिशात टाकला आणि ऐरोलीला पोचल्यावर प्रवास कळव्यालाच संपलेला दिसला, तर जीपीएस बिघडलेलं नसतं. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीपुढे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ असं निवडा. पडदा बंद ठेवून नोंद केली तर बॅटरी फार जात नाही. बॅटरी खातो तो हँडलवर उन्हात लखलखणारा पडदा.

दुरुस्तीवाला

उन्हावरून आठवलं. एप्रिल-मेमध्ये काळ्या कव्हरातला फोन हँडलवर तापून लाल होतो, पडदा आपोआप मंद होतो, चार्जिंग थांबतं. असे तापलेले फोन वर्षभरात बॅटरी फुगून दुकानात येतात. खिशातला फोन तेवढा तापत नाही.

फ्लेमिंगो

आणि एवढा विचार करतोच आहोत तर फोनमध्ये तातडीच्या सोयीही लावा. पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं की मदतीचा कॉल जाईल अशी सोय बहुतेक अँड्रॉइड फोनांत असते, ११२ लावता येतो. लॉक पडद्यावर रक्तगट आणि घरचा नंबर दिसेल असं ठेवा. उशीर होणार असेल तर मी व्हॉट्सअ‍ॅपवर आठ तासांचं लाइव्ह लोकेशन भावाला पाठवून ठेवते. मग तो ‘कुठे पोचलीस?’ असा फोन करत नाही, स्वतःच बघतो.

जुना गडी

सगळं वाचलं. चार माणसांचेच फोन येतील आणि बोलायचं ते थांबून, हे मला मान्य आहे. कान उघडा राहतो हेही चांगलं. माझा विरोध कानातल्या बुचाला होता आणि तो राहील.

एक मात्र सगळ्यांनाच सांगायचं आहे. आता इलेक्ट्रिक बस आणि इलेक्ट्रिक स्कूटर आल्यात. त्यांचा आवाज येतच नाही. परवा कापूरबावडीला बस माझ्या कोपराशी आली तेव्हा मला कळलं, आणि माझ्या कानात काही नव्हतं. माझी गिअर ऐकायची विद्या तिथे चालत नाही. म्हणून हँडलच्या उजव्या टोकाला लावायचा छोटा गोल आरसा घेतला. ताई, तोही घ्या, हेडसेटच्या मानाने काहीच पैसे नाहीत त्याला. बसवल्यावर सायकलवर बसून कुणाला तरी मागे उभं करा आणि त्याचं डोकं दिसेल असा फिरवा, नाहीतर आपलाच दंड दिसत राहतो.

पहाटवारा

आरशाचं शंभर टक्के. हेडसेटच्या आधी आरसा.

वाऱ्याचं एक राहिलं. २५ च्या वेगाला कानाशी इतका वारा घोंगावतो की त्यातच मागची गाडी ऐकू येत नाही, हेडसेट असो वा नसो. हेल्मेटच्या पट्ट्यावर, कानाच्या अगदी पुढे, जुन्या फ्लीसच्या कापडाची बोटभर रुंद पट्टी गुंडाळून शिवा. वारा तिथे फुटतो आणि घोंगावणं बरंच कमी होतं. मी घरीच केली आहे. दिसायला साधी आहे, पण गायमुखच्या उतारावर मला आता मागच्या मोटारसायकली ऐकू येतात.

खाडीपलीकडची

आरसा उद्याच आणते. फोन दुकानात जाऊन हातात धरून बघते, ए३५ आणि मोटो दोन्ही. जुन्याचा कॅमेरा दुरुस्त करून तो सासूबाईंना देईन, त्यांच्या फोनचं बटण दाबलं जात नाही.

हेडसेटचंच थोडं अडतं आहे. ओपनमूव्ह की ओपनरन? ओपनरन बजेटच्या वर जातो. आणि मला चष्मा आहे, केस लांब आहेत, वेणी मागे येते. डोक्यामागची पट्टी वेणीवर बसेल का?

पहाटवारा

तुमच्या प्रवासाला ओपनमूव्ह पुरेल. जाऊन येऊन दोन-अडीच तास, बॅटरी सहा तासांची. ओपनमूव्ह साध्या टाइप सी केबलने चार्ज होतो, जुन्या ओपनरनला त्याची स्वतःची चुंबकाची केबल लागते आणि ती हरवली की शोधत बसावं लागतं. ओपनरन हलका आहे आणि गालावर थोडा जास्त पक्का बसतो, एवढाच फरक तुम्हाला जाणवेल.

वेणीचं मला सांगता येणार नाही. घालूनच बघा. रविवारी सकाळी सातला मी उपवनला तलावाशी असतो, माझा ओपनरन घालून बघा. बायकोचा ओपनमूव्ह आहे, तोही आणतो. स्वच्छ पुसून देईन.

फ्लेमिंगो

माझी वेणी लांब आहे. पट्टी वेणीच्या खालून घ्यायची, वरून नाही. वरून घेतली की मान वळवली की वर सरकते आणि गोट्या कानावर चढतात. वेणी जरा खाली, मानेशी बांधा, हेल्मेटच्या चकतीलाही जागा होते. चष्म्याच्या काड्या हेडसेटच्या वरून, कानाला लागून जाऊ द्या. काडी जाड असेल तर सुरुवातीला कानामागे दुखतं. मी बारीक धातूच्या काड्यांचा चष्मा केला.

पहाटवारा

बरोबर. आणि रविवारी येताना हेल्मेट आणि तोच रोजचा चष्मा घेऊन या. उपवनपासून येऊरच्या फाटकापर्यंत चढून खाली येऊ. उतारावर वारा लागेल, तेव्हा कुणालातरी फोन लावायला सांगा, म्हणजे नाव ऐकू येतं का तेही कळेल.